पिकअपला हिवाळी टायरचा वेगळा संच हवाच का?

चिखलवाट:
थंडी तोंडावर आली की आमच्या घरात हाच वाद पेटतो. या खेपेला तो इथे आणतोय. गाडी फोर बाय फोर पिकअप, हौदा बहुतेक वेळा रिकामा. टायर ऑल-टेरेन (डांबर आणि खडी दोन्हींवर चालणारे), एलटी (म्हणजे लाइट ट्रकच्या जातीचे), लोड रेंज ई (जड भार पेलणारे), दोन हिवाळे झालेले. टायरच्या भिंतीवर तीन शिखरं आणि त्यांत हिमकण अशी खूण आहे, नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) नाही. बायको म्हणते, चार हिवाळी टायर वेगळ्या रिमवर चढवून घे आणि विषय संपव. माझं म्हणणं, ज्याला ही खूण मिळाली तो हिवाळी टायरच. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायरची सक्ती आहे, तिथेही हीच खूण बघतात. कायद्याला जे पुरतं ते मला का पुरू नये? वर्षातून दोनदा जॅक लावायचा, चार जडच्या जड चाकं उतरवायची, मग ती कोपऱ्यात रचून ठेवायची, हा उद्योग कशासाठी? मत बदलायची तयारी आहे. फक्त 'जिवापेक्षा टायर महाग का?' छापाचं एक वाक्य टाकून पळू नका, कारण द्या.

मोजपट्टी:
कारण देतो. ही खूण १९९९ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या टायर उत्पादकांच्या संघटनांनी आणली. तिच्यामागची परीक्षा काय? मध्यम दाबल्या गेलेल्या बर्फावर चाक जोर लावताना किती पकड धरतं ते मोजायचं आणि एका ठरलेल्या प्रमाण टायरशी ताडायचं. निदान १० टक्के सरस ठरला की खूण. त्यात ब्रेक लावून थांबणं नाही, वळण नाही, आणि गोठून काच झालेला रस्ता तर नाहीच. तुमचा टायर पास आहे, वाद नाही. पण ३५ टक्केवाल्याला आणि ९० टक्केवाल्याला दाखला एकच मिळालाय, एवढं लक्षात घ्या.

'एम प्लस एस'बद्दल न बोललेलं बरं. ती अक्षरं उत्पादक आपली आपणच छापतो. जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या त्या अक्षरांवर हिवाळी टायर मानणं बंद केलं.

नांगरट:
प्रचंड असहमत. हे सगळं डांबरी रस्त्यावरच्या लोकांचं शास्त्र. मी रोज ज्या वाटेने जातो तिथे बर्फ काढणारं यंत्र उजाडल्यावर कधीतरी फिरकतं. गुडघाभर भुसभुशीत बर्फ, खाली खडी, मागे ट्रेलर. तिथे मोटारीच्या जातीचा मऊ हिवाळी टायर लावला तर भार पडल्यावर गाडी डुलते आणि खडी त्याच्या कडा कुरतडून खाते. ऑल-टेरेनची नक्षी नवी असताना १२ मिमीच्या आसपास खोल, साध्या हिवाळी टायरची ८-९. नऊ हिवाळे मी याच टायरांवर काढलेत, एकदाही कुणाला दोर घेऊन बोलवावं लागलं नाही. उलट मीच चौघांना ओढून बाहेर काढलंय, आणि चौघांच्या गाड्यांना हिवाळी टायर होते!

गारठा:
नांगरट, अडकणं हे एक दुखणं, न थांबणं हे दुसरं. औषधं वेगळी आहेत.

मीही तुमच्याच पंथातला होतो. उताराच्या टोकाला चौक, स्टॉपची पाटी, माझा वेग सायकलएवढा. रात्री पाऊस, पहाटे गोठलेला. ब्रेकवर पाय ठेवला आणि एबीएस तळपायाखाली पिठाच्या गिरणीसारखं खडखडायला लागलं. समोर फोर बाय फोरचा दिवा दिमाखात चालू. गाडी जराही न वळता, अगदी शांतपणे, निम्मी चौकात जाऊन उभी राहिली. डावीकडून बस येत होती, लांब होती म्हणून निभावलं. बसवाल्याने हॉर्नसुद्धा दिला नाही, नुसता माझ्याकडे बघत गेला. शिव्या परवडल्या असत्या.

फोर बाय फोरने गाडी निघते झोकात. थांबायला मात्र सगळ्यांनाच चार चाकं असतात, आणि आपलं धूड छोट्या मोटारीपेक्षा कितीतरी जड.

नांगरट:
उतारावर ब्रेक दाबलात इथेच चुकलात. लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचा सावकाश-जोरकस गिअर टाका, इंजिनाचा रोध चारही चाकांत वाटला जातो, गाडी मुंगीच्या पावलाने उतरते. टायरला दोष देणं सोपं असतं.

गारठा:
वाटला जातो, कबूल. पण वाटायला मुळात पकड हवी ना? ब्रेकही चारही चाकांनाच लागतात की. आणि कुत्रं आडवं आलं तर लो रेंज टाकायला वेळ मागून घेऊ का त्याच्याकडून?

हिवाळीण:
मी वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. 'चौघांना ओढून काढलं' हे वाक्य प्रत्येक पिकअपवाल्याच्या तोंडी असतं. बर्फात रुतलेला दिसतो, त्याला ओढून काढता येतं. जो वेळेत थांबला त्याची गोष्टच होत नाही, म्हणून ती कुणी सांगत नाही.

मोजपट्टी:
+१. आता खऱ्या मुद्द्यावर येऊ, रबराच्या. नक्षी सगळ्यांना दिसते, रबर दिसत नाही. तापमान ७ अंशांच्या खाली उतरलं की उन्हाळी टायरचं रबर ताठर व्हायला लागतं. ऑल-टेरेनचं त्याहून बरं, पण ते खडीवर टिकावं म्हणून चिवट केलेलं असतं आणि कडाक्याच्या थंडीत ते कडक पडतं. हिवाळी टायरचं मिश्रण मुळात थंडीत मऊ राहावं असंच केलेलं. नक्षीच्या ठोकळ्यांवर केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या वाकतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला धरते. रबरच लाकूड झालं तर चिरा असून नसून सारख्या.

घरी करून बघा. हिवाळी टायर लावलेल्या कुणाची गाडी शेजारी असेल तर कडाक्याच्या सकाळी दोन्ही टायरांच्या ठोकळ्यावर अंगठ्याचं नख दाबा. शाळेतलं खोडरबर आणि चपलेचा जुना तळ, असा फरक लागेल.

काटेरी:
मग खिळ्यांचे टायर घ्या की, अर्धवट उपाय कशाला? कार्बाइडची टोकं काचेलाही सोडत नाहीत.

मोजपट्टी:
खिळ्यांना विरोध नाही, पण सरसकट नको. बर्फ सर्वांत निसरडा शून्याच्या आसपास असतो, वर पाण्याचा पातळ थर आला की. तिथे खिळे बाजी मारतात. उणे वीसमध्ये बर्फ कोरडा असतो, मऊ रबरही चांगलं धरतं. कोरड्या किंवा नुसत्या ओल्या डांबरावर मात्र खिळे ओरडतात आणि पकडही कमी पडू शकते. रस्ता उगाळला जातो ते वेगळंच. जपानमध्ये त्या धुळीने लोक इतके त्रासले की १९९० मध्ये खिळ्यांच्या टायरविरुद्ध कायदाच झाला. त्याच्या दोन वर्षं आधी ब्रिजस्टोनने तिथे ब्लिझॅक आणला होता, बिनखिळ्यांचा, रबरात सूक्ष्म पोकळ्या ठेवून पाण्याचा थर शोषून घेणारा. जर्मनीतही खिळे चालत नाहीत. तेव्हा आधी आपल्या इथला नियम बघा, मग खिळे.

पाना_पक्कड:
खूण, खिळे, रबर सगळं झालं. धागाकर्त्याच्या कामाचं कुणी बोललंच नाही, म्हणजे माप. मी हातात पाना धरून बोलतोय.

पहिलं, नांगरटांचा आक्षेप 'मोटारीच्या जातीचा' हिवाळी टायर लावल्यावर आहे, आणि तिथे ते बरोबर आहेत. पण हिवाळी टायर एलटी मापातही मिळतो, लोड रेंज ईसुद्धा. विसरू नका, फिनलंडमध्ये १९३४ साली, आज जिला नोकियन म्हणतात त्या घराण्यात, पहिला हिवाळी टायर बनला तो ट्रकसाठी. दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा, टायरचा लोड इंडेक्स, म्हणजे तो किती भार पेलतो त्याचा आकडा, त्यापेक्षा कमी नको. मोटारीच्या जातीचा टायर पिकअपला लावायचा तर त्यावर लिहिलेली भारक्षमता १.१ ने भागून धरतात, हे दुकानात कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरं, रुंदी. हिवाळ्यात रुंद टायरचा रुबाब घरी ठेवा. अरुंद टायर त्याच वजनाने बर्फ कापून खालच्या रस्त्याला टेकतो, रुंद टायर वर तरंगतो. २० इंची रिमवरून १८ वर उतरलात तर टायरची भिंत उंच होते, खड्ड्यात रिम वाचते. फक्त ब्रेकचा कॅलिपर (चकती दाबणारा चिमटा) आत मावतो का ते आधी एक चाक चढवून फिरवून बघा.

तिसरं, चारच्या चार. दोनच घ्यायचे म्हणून नुसते मागे लावणारे बरेच भेटतात, 'गाडी मागून ढकलते ना' म्हणून. मग ती निघते बरोबर आणि वळणावर स्टिअरिंग वळवूनही सरळच जाते.

नांगरट:
मापाचं मान्य, रुंदीचं अर्धंच. आइसलंडमध्ये हिमनद्यांवर जाणाऱ्या गाड्यांना ३८ ते ४४ इंची टायर लावतात आणि हवा उतरवून ५ पीएसआयच्याही (हवेच्या दाबाचं माप) खाली नेतात. ते लोक तरंगायलाच बघतात. खोल बर्फाला तळच नसेल तर कापून जाणार कुठे?

पाना_पक्कड:
बरोबर, तळ नसेल तर. धागाकर्ते हिमनदीवर राहत नसावेत असा माझा अंदाज.

अवांतर, हवेचं निघालंच आहे म्हणून: तापमान साधारण साडेपाच अंश उतरलं की टायरमधली हवा १ पीएसआयने उतरते. उबदार गॅरेजात भरून समाधान मानू नका. आणि एलटी टायरला तेवढ्याच भारासाठी मोटारीच्या टायरपेक्षा जास्त हवा लागते, जुना आकडा तसाच ठेवू नका. उलट रिकाम्या गाडीला उगाच ८० पीएसआय पण भरू नका, टायरचा मधलाच पट्टा टेकेल.

हिवाळीण:
आणि हौद्यात वाळूची पोती. पिकअपचं नाक जड, शेपूट हलकं. पोती मागच्या एक्सलच्या डोक्यावर ठेवा, पार मागच्या दाराशी नको. बांधून ठेवा. आमच्याकडे एक पोतं सुटून हौदाभर नाचलं होतं, पाचशे मीटर मला वाटत होतं गिअरबॉक्स गेला.

चिखलवाट:
सगळ्यांचे आभार, नांगरट तुमचेही. काल नक्षी मोजली. मधल्या खाचेत ६ मिमी, बाहेरच्या कडेला ५. खूण भिंतीवर नवीच्या नवी आहे, पण ती मिळाली तेव्हाची खोली आता राहिली नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ४ मिमीच्या खाली बर्फात भरवसा नको असं बरेच जण म्हणतात, म्हणजे याच हिवाळ्यात तिथे पोचणार. आज सकाळी बाहेर उणे अकरा होतं. शेजाऱ्याच्या गाडीच्या टायरवर नख दाबलं, रुतलं. माझ्यावर दाबलं, नखच दुमडलं. बायको खिडकीतून बघत होती.

१८ इंची रिम, एक माप अरुंद, एलटी, बिनखिळ्यांचे, चार. स्टिकरवरचा लोड इंडेक्स दोनदा वाचून मागवले. ऑल-टेरेन उन्हाळ्यात खडीवर झिजू देतो.

नांगरट:
मागवा. मी काही बदलत नाही. माझ्या वाटेवर स्टॉपची पाटीच नाही. आणि गाडी रुतली की फोन करा, संकोच नको.

पाना_पक्कड:
चढवल्यावर शे-दीडशे किलोमीटरने नट पुन्हा आवळा, टॉर्क पान्याने. नव्या रिमवर ते सैल पडू शकतात.

चिखलवाट:
दोराची लांबी किती आहे नांगरट? बायकोने विचारलंय.