डार्विनच्या कितीतरी आधीपासून

देवाने सहा दिवसांत सृष्टी केली असं बायबलमध्ये आहे. डार्विनचा उत्क्रांतिवाद आल्यावर अडचण झाली म्हणून चर्चवाल्यांनी त्या सहा दिवसांचं रूपक करून टाकलं असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. तिसऱ्या शतकातच ओरिजेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने विचारलं होतं की सूर्य जर चौथ्या दिवशी आला तर आधीच्या तीन दिवसांची सकाळ-संध्याकाळ झाली कशी, हे शब्दशः घेणार तरी कोण?

आणि गंमत म्हणजे ऑगस्टीन या ख्रिस्ती बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला बायबलच्या 'उत्पत्ती' या पहिल्या पुस्तकावर जे भाष्य लिहिलं त्याच्या नावातच 'शब्दशः अर्थ' आहे, पण आत म्हणतो की सृष्टी एकदमच झाली, ते दिवस आपल्यासारखे सूर्याचे दिवस नव्हेतच. तरी बायबलमधला पहिला पुरुष आदाम खरा माणूस होता हे मात्र सोडत नाही, त्यामुळे त्याला सरसकट रूपकवाल्यांत पण ढकलता येत नाही.