एम.लिब.च्या मुलांना उद्योजकता शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

कपाटकिल्ली: एम.लिब.च्या (ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाच्या) १८ मुलांना ३० तासांत उद्योजकता शिकवायची आहे. ग्रंथपालाच्या जागा निघत नाहीत, निघाल्याच तर कंत्राटी. जुन्या नोट्समध्ये स्वॉट (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांची मांडणी) आणि व्यवसाय आराखडा आहे, पण त्यातून कुणाच्या हाताला काम लागेलसं वाटत नाही. काय घ्यावं?

दाखलनोंद: मॅडम, स्वॉट एका तासात उरका. विकता येईल असं एकच काम धरा: जुन्या ग्रंथालयाचं कोहावर (ग्रंथालयाच्या मोफत सॉफ्टवेअरवर) संगणकीकरण. नॅकच्या (महाविद्यालयांच्या मूल्यांकनाच्या) तयारीतल्या महाविद्यालयांना ते लागतंच. कोहा मुलांना जमतं. जमत नाही तो कामाचा अंदाज.

समजा ५,००० पुस्तकं आहेत. आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक) असलेली २,०००, दर पुस्तकी ३ मिनिटं (झेड३९.५०वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयाच्या तयार सूचीतून, नोंद ओढून तपासायची). उरलेली ३,००० जुनी मराठी, आयएसबीएन नाही, हाताने नोंद: १० मिनिटं. झाले ६०० तास. दोघं रोज ६ तास बसले तर ५० दिवस, लेबलं चिकटवणं वेगळं. हा हिशेब न करता 'पुस्तकामागे अमुक रुपये' सांगितलं की तोटा ठरलेला. दर सांगण्याआधी कपाटातली १०० पुस्तकं मोजून आयएसबीएनचं प्रमाण काढायला लावा. दाखल नोंदवहीवरून (आलेल्या पुस्तकांना क्रमांक देऊन लिहायच्या वहीवरून) नको, त्यातली बरीच पुस्तकं सापडत नाहीत.

मार्क_२४५: अंदाज बरोबर आला तरी डेटा घात करतो. एक्सेलमध्ये आयएसबीएन ९.७८ई+१२ होऊन बसतो, दाखल क्रमांक ००४५चा ४५ होतो. टंकनाआधीच रकाना 'टेक्स्ट' करा, नंतर केल्याने गेलेले आकडे परत येत नाहीत. मार्कएडिटमध्ये (एक्सेलची यादी कोहाला चालेल अशा नोंदींत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतावर खूण करायची राहिली तर मराठी शीर्षकांची चौकटी-चिन्हं होतात. श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) टाइप केलेली जुनी यादी मिळाली तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

आणखी एक: देणगी आणि अनुदानाच्या वेगळ्या नोंदवह्या असतील तर १२३ क्रमांक दोन्हींत असतो. दाखल क्रमांकच बारकोड म्हणून वापरला तर कोहा दुहेरी बारकोड घेत नाही, तेवढ्या प्रती गाळून पुढे जातं. 'दे-', 'अ-' असा उपसर्ग आधीच ठरवा.

कपाटकिल्ली: हे प्रात्यक्षिकात बसेल. पैशांचं काय? मुलांना बिल करता येत नाही.

दाखलनोंद: तिथे दोन तास तरी द्या. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योग म्हणून नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते. पैसे मागणारी साइट दलालाची समजावी. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ प्रमाणे सूक्ष्म उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, पण त्यासाठी नोंदणी कामाच्या आधीची हवी. 'सगळं झाल्यावर बिल' मान्य करू नका: ३० टक्के आगाऊ, अर्ध्या नोंदी झाल्यावर ४०, उरलेले हस्तांतरणाला.

मार्क_२४५: हस्तांतरण म्हणजे काय तेही कार्यादेशात (काम देण्याच्या लेखी पत्रात) लिहा, नाहीतर वर्षभर 'प्रिंटर चालत नाही'चे फोन येतात. यादी एवढीच: कर्मचाऱ्यांना ६ तास प्रशिक्षण, बॅकअप वेगळ्या डिस्कवर (बहुतेक ठिकाणी तो त्याच संगणकावर पडलेला असतो), आणि ५० नोंदींची दोघांच्या सह्यांची तपासणी. त्यापुढचं वार्षिक देखभालीत, वेगळ्या बिलाने.