मदत हवी आहे: शेजारी गोवर, बाळ सात महिन्यांचं, लस नवव्या महिन्यात

शेजारची चार वर्षांची मुलगी रविवारी संध्याकाळी तासभर आमच्याकडे होती. नाक गळत होतं, डोळे लाल होते, आम्हाला साधी सर्दी वाटली. खुळखुळा तिच्या हातातून थेट माझ्या लेकीच्या तोंडात गेला. आज मंगळवारी त्या शेजारच्या मुलीच्या कानामागून पुरळ उठलं, डॉक्टर गोवर म्हणाले.

माझी लेक सात महिन्यांची. दंडावर बीसीजीचा व्रण आहे, पेंटाचे तिन्ही डोस झालेत, कार्डावर गोवर-रुबेलाचा रकाना मात्र कोरा. सासूबाई म्हणतात, "अंगावर पितेय ना, मग आईची ताकद आहे तिला." त्यांना लहानपणी गोवर येऊन गेलाय, मला फक्त लस दिलेली. त्यांच्या भरवशावर नवव्या महिन्यापर्यंत थांबू का? दुपारपासून सारखं तिचं कपाळ चाचपतेय.

प्रतिसाद:
ताई, मी लसीकरण केंद्रावर काम केलंय. आधी घाईचं सांगते. संपर्कानंतर 72 तासांच्या आत गोवरची लस मिळाली तर आजार टळू शकतो, निदान सौम्य तरी होतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला ती देता येते. तुमची मुदत उद्या संध्याकाळी संपतेय, बालरोगतज्ज्ञांना आत्ताच फोन करा. 2022 मध्ये मुंबईत गोवंडीकडे साथ आली, तेव्हाही साथीच्या भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना असा जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं होतं. तो हिशेबात धरायचा नाही. नऊ महिन्यांचा आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला, हे दोन्ही डोस घ्यायचेच.

सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. गोवराच्या अँटिबॉडी बाळाला मिळतात त्या मुख्यतः वारेतून, पोटात असताना. (दुधाचे फायदे वेगळे, ते चालूच ठेवा.) पण ही उसनवारी. बाळाचं शरीर त्या स्वतः बनवत नाही, म्हणून महिन्यागणिक त्या ओसरतात. त्यातून, गोवर येऊन गेलेल्या आईपेक्षा लस घेतलेल्या आईकडून त्या मुळात कमी येतात. मग जन्मतःच लस का देत नाहीत? आईच्या अँटिबॉडी भरपूर असल्या की लशीतला दुबळा केलेला विषाणूच त्या निकामी करतात, आणि बाळाचं शरीर स्वतःच्या अँटिबॉडी बनवायला शिकत नाही. पेंटा घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात वगैरेंसाठी. गोवरावर तिचा उपयोग नाही.

धागाकर्ती:
फोन केला, उद्या सकाळी साडेनऊला बोलावलंय. शेजारणीच्या धाकट्याचा दुसरा डोस राहिलाय असं आत्ता कळलं. तिलाही डॉक्टरांना फोन करायला लावलाय.