गोणी वाहणाऱ्याला स्क्वॉट शिकवायचे?

कळण्याची_भाकर: काल इथे एका एचआरवाल्या साहेबांनी लिहिलं, ‘शिफ्टआधी १५ मिनिटं स्क्वॉट, म्हणजे बैठका, करा, एका पायावर उभे राहा; कामगारांचा तोल सुधारतो, ताकद वाढते.’ वाचून डोकं सणकलं. माझे वडील जळगावच्या दालमिलमध्ये तीस वर्षं हमाल होते. तेव्हा क्विंटलची गोणी. ट्रकला लावलेली फळी हलायची, बापाचा पाय नाही हलायचा. त्यांना कुठल्या साहेबाने डंबेल दिलं होतं?

फिजिओताई_धुळे: दादा, वडिलांचे गुडघे आता कसे आहेत, तेवढं लिहा. ओझं वाहणं म्हणजे व्यायाम नव्हे. गोणी रोज त्याच खांद्यावर, आणि किती खेपा ते मुकादम ठरवणार. व्यायामात वजन हळूहळू वाढवतात, दोन्ही बाजूंना देतात, मध्ये दिवस सोडतात. मांड्या-पोटऱ्यांत जोर असला की घसरलेला माणूस सावरतो. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

भुसावळचे_नाना: ते राहू द्या. १५ मिनिटं पंचिंगच्या, म्हणजे कामाची वेळ नोंदवायच्या, आधी की नंतर?

तापीकाठ: आणि पत्र्याच्या शेडमध्ये आधी कूलर लावा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

एचआर_साहेब: कूलरचा आणि तोलाचा काय संबंध?

तापीकाठ: घाम डोळ्यांत गेला की कळतो संबंध. एसीतून बाहेर या कधी.

भुसावळचे_नाना: सरळ सांगा ना भो. आधी की नंतर?

एचआर_साहेब: आधी. पण ऐच्छिक आहे.

भुसावळचे_नाना: ऐच्छिक! आणि हजेरी सुपरवायझर घेणार. सहा दिवसांचा दीड तास फुकट झाला की हो. आमच्याकडे चहाही ऐच्छिकच होता, पुढे पगारातून कापायला लागले.

एचआर_साहेब: तुम्हाला प्रत्येक गोष्टीत पैसाच दिसतो.

भुसावळचे_नाना: मग तुम्ही सोडा दीड तासाचा पगार.

कळण्याची_भाकर: ताई, गुडघे गेले. संडासात खुर्ची ठेवलीय. पण ते स्क्वॉट न केल्याने नाही, क्विंटलच्या गोणीने. माणसावरचं ओझं ५५ किलोवर आणा, अशी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस १९६७ ची. दालमिलच्या फळीपर्यंत यायला तिला किती वर्षं लागली?

फिजिओताई_धुळे: ओझं कमी कराच, मी कुठे नाही म्हणतेय? पण म्हणून व्यायाम थोतांड होत नाही. तुम्ही स्वतः १० सेकंद एका पायावर उभे राहून दाखवा.

कळण्याची_भाकर: राहिलो. सातव्या सेकंदाला ओटा धरला. बायको हसतेय. झालं समाधान?

भुसावळचे_नाना: साहेब, दीड तासाच्या पगाराचं राहिलंच.