वांगासाठी केमिकल पील : स्पामध्ये करावे की त्वचारोगतज्ज्ञांकडे?

प्रश्न (इंदिरानगरकर) :
दुसऱ्या बाळंतपणानंतर माझ्या दोन्ही गालांवर वांग आले आहेत. कॉलेज रोडवरील एका स्पाने सहा पीलचे (आम्ल लावून त्वचेचा वरचा थर काढण्याचे) पॅकेज सांगितले असून दर डॉक्टरांपेक्षा बराच कमी आहे. मात्र त्यात कोणते आम्ल आहे, असे विचारल्यावर 'फळांचे, अगदी नैसर्गिक' एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या महिन्यात भावाचे लग्न आहे. काय करावे?

उत्तर (पंचवटीकर) :
ते बहुधा ग्लायकोलिक आम्ल असावे. ते वाईट मुळीच नाही. पण १० टक्के आणि ७० टक्के या दोन्ही द्रावणांना नाव तेच असते. तीव्र द्रावण वेळेवर निष्प्रभ केले नाही तर त्वचा भाजते, आणि आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या वर्णावर भाजलेली जागा बरी होताना काळी पडत असल्याने, वांग घालवायला गेलेली व्यक्ती नवे डाग घेऊन परत येऊ शकते. शिवाय वांगामागे संप्रेरके आणि ऊन असते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, बाळ अंगावर पिते का, हे आधी विचारले जायला हवे. तुम्हाला स्पामध्ये कोणी विचारले का? लग्नाच्या तोंडावर तर नवा प्रयोग नकोच. सनस्क्रीन मात्र आजच सुरू करा.

उत्तर (गोदाकाठ) :
मला एका पार्लरमधून लेबल नसलेली क्रीमची डबी मिळाली होती. तीन आठवडे चेहरा उजळला, आणि लावणे थांबवताच लाल होऊन आग होऊ लागली. क्रीममध्ये स्टेरॉइड असावे, असे डॉक्टरांनी सांगितले.

उत्तर (सातपूरकर) :
पार्लरला सरसकट नावे ठेवू नयेत. क्लीनअप, फेशियल तेथे खुशाल करावे. उलट 'स्किन क्लिनिक' या पाटीवरही भिस्त ठेवू नये. एम.डी. (त्वचारोग) किंवा डी.डी.व्ही. (त्वचारोगातील पदविका) ही पात्रता आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक पाहावा, आणि पहिली तपासणी खुद्द डॉक्टर करतात की थेट मशीनवर बसवले जाते, हेही पाहावे. गोरेपणाचे इंजेक्शन कोणी सुचवलेच, तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील प्रसाधनाची व्याख्या चोळणे, ओतणे, शिंपडणे, फवारणे अशा वापराची आहे, हे लक्षात असू द्यावे. सुई त्यात बसत नाही.

इंदिरानगरकर :
बाळ अजून अंगावर पिते, आणि ते मला कोणीही विचारले नव्हते. आज बाटलीवरील टक्केवारी पाहू द्या म्हटले, तर 'मॅडम, ते आतल्या खोलीत असते' असे सांगण्यात आले. गंगापूर रोडवरील त्वचारोगतज्ज्ञांची गुरुवारची वेळ घेतली आहे. पॅकेजचे आगाऊ पैसे भरले नव्हते, हे बरे झाले.