अनोळखी माणसं आणि डोक्यावरचा ताण : तुमचे अनुभव सांगा

खिडकीपाशी :

टेन्शन आलं की घरचे काय म्हणणार हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. "एवढं काय मनाला लावून घेतेस", "आमच्या वेळी नव्हती बाई असली थेरं", आणि मग शेजारच्या कोणाच्या तरी मुलीचं उदाहरण. मैत्रिणी ऐकून घेतात, पण त्यांना आपलं मागचं पुढचं सगळं माहीत असतं त्यामुळे गाडी शेवटी सासूवर नाहीतर बॉसवर येऊन थांबतेच. पण कधी कधी ज्याला आपलं नावसुद्धा माहीत नाही असं कोणीतरी गाडीत, रांगेत, रस्त्यात भेटतं, दोन मिनिटं काहीतरी बोलतं नाहीतर करतं, आणि डोक्यातली गरगर थांबते. असे अनुभव लिहा. व्हॉट्सॅपवरच्या बोधकथा नकोत प्लीज, स्वतःला आलेला अनुभव हवा, चार ओळींचा असला तरी चालेल आणि कडू असला तर जास्तच चालेल.

माझ्यापासून सुरू करते. मी कल्याणच्या पुढे राहते, नोकरी फोर्टात. ऑडिटचे दिवस होते आणि निघता निघता साहेबांनी सगळ्यांसमोर जे काही ऐकवलं होतं ते डोक्यात चालूच होतं. लेडीज डब्यात चौथ्या सीटवर टेकले होते (लोकलवाले नसाल तर, तिघींच्या बाकावर जी अर्धी बाहेर लटकत बसते ती चौथी सीट) आणि साहेबांना मनातल्या मनात एकेक उत्तर देत होते, बहुतेक ओठपण हलत असणार. समोरच्या बाईंनी मांडीवर पेपर पसरून मटार सोलायला घेतले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि चांगल्या दोन मुठी शेंगा उचलून सरळ माझ्या ओढणीत टाकल्या. "रिकामीच आहेस ना, घे."

काय झालं, का रडवेली दिसतेस, काही नाही. शेंगेचं टोक मोडायचं, दोर ओढायचा, अंगठा फिरवून दाणे त्यांच्या पिशवीत. मी पटापट सोलत होते तर म्हणाल्या हळू, किडका दाणा जातोय आत. मग एकेक शेंग उघडून बघायला लागले. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत साहेब कुठे गेले कळलंच नाही हो. उतरताना त्यांनी पिशवीला गाठ मारली आणि म्हणाल्या, "उद्या याच डब्यात ये, गवार आणते." म्हणजे फुकटची बिगारी मिळाली म्हणून खूश होत्या की माझ्यासाठी केलं, मला आजही सांगता येणार नाही.

जुना मुलुंडकर :

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला हे आता शाळेतली पोरंपण सांगतात, पण त्या दुपारी आम्हाला कोणालाच काही माहीत नव्हतं. गाडी सायनच्या अलीकडे उभी राहिली ती राहिलीच. रुळांवर उतरून लोक चालायला लागले तसा मीपण निघालो. मोबाईल लागत नव्हते. घरी बायको आणि लहान मुलगी, घर तळमजल्यावर. पाण्याची भीती नव्हती मला, घरी पाणी शिरलं असेल का हा एकच विचार, आणि तो असा की पाय उचलत नव्हते. खरंच सांगतो, हायवेवर एका ठिकाणी मी नुसता उभा राहिलो.

मागून एक माणूस आला, पन्नाशीचा असेल, एका हातात जेवणाचा डबा, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री. छत्रीने पुढचा रस्ता टोचून बघत चालला होता. मला म्हणाला, डिव्हायडर सोडू नका, गटारांची झाकणं उघडी आहेत. आणि मग, "तुम्ही खांब मोजा. मोठ्याने मोजा, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे." दिवे गेले होते, अंधार पडत चाललेला, मागे पंधरा-वीस माणसं एकमेकांच्या खांद्याला धरून. मी ओरडून ओरडून दिव्यांचे खांब मोजायला लागलो. चुकलो की मागून कोणीतरी बाई दुरुस्त करायची. घाटकोपरच्या आसपास बिल्डिंगमधली पोरं रस्त्यावर पार्ले-जी आणि चहा वाटत होती, तिथे चहा घेईपर्यंत तो माणूस कुठल्या फाट्याला वळला काय माहीत. पुढे मुलुंडपर्यंत मीच मोजत गेलो, ऐकायला मागे कोणी नव्हतं तरी.

घरी पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं, आत नव्हतं.

फटकळ :

वरचे दोन्ही छान आहेत पण माझा अनुभव कडू म्हणून चालवून घ्या. कोविडमध्ये नोकरी गेली, घरात तोंड दाखवायला नको वाटायचं म्हणून सकाळी बागेत जाऊन बसायचो. तिथे एक काका यायचे. पहिल्या दिवशी वय, दुसऱ्या दिवशी लग्न, मग जन्मवेळ. पहाटे उठा, मोबाईल बंद करा, कोमट पाण्यात मध घ्या. एवढं सगळं झाल्यावर पिशवीतून फाईल काढली आणि "तुमच्यासारख्या तरुणांसाठी एक बिझनेस ऑपॉर्च्युनिटी". मी बाग बदलली. घरापासून लांब पडायची ती.

नीट बघा, तुम्हा दोघांना त्या माणसांनी काम दिलं. मला सल्ला मिळाला. आपल्याकडे सल्ल्याला तोटा नाही, बसायला जागा द्या म्हणावं.

टोचणारी ताई :

फटकळ, एकदम पटलं. मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, म्हणजे दिवसभर अनोळखी माणसं आणि त्यातली अर्धी घाबरलेली. त्यामुळे मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

"घाबरू नका" म्हटल्याने आजपर्यंत एकही माणूस घाबरायचा थांबलेला मी पाहिला नाही. मी विचारते, आज डब्याला काय केलंत? कारण उपाशीपोटी आलेल्या माणसाला जेवणाचं विचारलं की तो मनापासून उत्तर देतो, हाहा. आणि सुई आत जाताना श्वास सोडायला सांगते. श्वास घेताना नाडी जरा वाढते, सोडताना जरा मंदावते, हे कोणालाही मनगट धरून बघता येईल. म्हणून लांब श्वास घ्या घ्या म्हणण्यापेक्षा लांब सोडा म्हटलेलं बरं पडतं.

पण एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे, बऱ्याच जणांना माहीत नसते. रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांना "रिलॅक्स करा, अंग सैल सोडा" सांगणं उलटं पडतं. इतर भीतीत बीपी वाढतं, यांचं आधी वाढून एकदम खाली येतं आणि माणूस आडवा. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही तर घट्ट करायचं. मांड्या आवळायच्या, ज्या हातात सुई नाही त्याची मूठ, दहा-पंधरा सेकंद, चेहरा गरम वाटेपर्यंत, मग सोडायचं, परत करायचं. एक तगडा पोलीस भरतीवाला मुलगा दर वेळी कोसळायचा, त्याला हे शिकवलं. आता येतो, मांड्या आवळून बसतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्याने वाचतो. वारासकट. शेजारी बसलेल्यांना वाटतं याचं काहीतरी बिनसलंय.

अभ्यासिकेतला :

एमपीएससी. पुढचं सांगायला नको. प्रिलिम निघते, मेन्सला कटऑफ थोडक्यात जातो. त्या निकालानंतर पुण्याहून गावी निघालो, स्वारगेटला एसटीत बसलो तेव्हा आई फोनवर काय म्हणेल यापेक्षा काही म्हणणार नाही याचंच जास्त ओझं होतं. शेजारी एक आजोबा येऊन बसले, धोतर टोपी, पंच्याहत्तरीच्या पुढचे, कारण कंडक्टरने त्यांना शून्य रुपयाचं तिकीट दिलं. फाटक्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढले आणि म्हणाले, पोरा वाचता येतंय न्हवं, ह्ये काय लिवलंय बघ.

वारस नोंदीची नोटीस होती. भाऊ वारलेला, फेरफार धरलेला आणि पुतण्यांपैकी एकाचं नाव सुटलेलं. आजोबांना वाटत होतं त्यांचीच जमीन गेली. मी सातबारा मागितला, तोही पिशवीत होता, चार घड्या घातलेला. खातं कोणाचं, क्षेत्र किती, इतर हक्कात काय, एकेक रकाना बोट ठेवून सांगितला. नोटिशीवर हरकतीची मुदत लिहिलेली होती, ती दाखवली, तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या म्हटलं. त्यांनी ते तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं. शेवटी कागदाच्या पाठीवर अर्जाचा मजकूरच लिहून दिला, गाडी हलत होती म्हणून अक्षर घाणेरडं आलं.

महसूल कायद्याचं पुस्तक मी किती वेळा वाचलं असेल, पण ते कोणाच्या तरी उपयोगाला आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्यांनी माझं काय चाललंय हे विचारलं नाही. पाडेगाव फाट्याला उतरताना एवढंच म्हणाले, तलाठी हो. मी पुढच्या वर्षी परत बसलो नाही, एका वकिलाकडे लागलो. सातबारे रोज हातात असतात.

रेडिंगकर :

मी इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर माहीत असेल, नोकरी गेली आणि होम ऑफिसचं (म्हणजे इथल्या गृहखात्याचं) पत्र आलं की साधारण ६० दिवस, तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नोकरी देणारी कंपनी, शोधा नाहीतर बॅगा भरा. मुलीची शाळा अर्ध्यात. जानेवारी महिना, चार-साडेचारला अंधार. मी एका मुलाखतीहून येऊन स्टेशनवरच बसून राहिलो, घरी जायची इच्छा नव्हती. गाड्या येत होत्या जात होत्या.

एक म्हाताऱ्या बाई कुत्र्याला घेऊन आल्या आणि विचारलं, ही गाडी पॅडिंग्टनला जाते का. डोक्यावर भल्या मोठ्या बोर्डावर पॅडिंग्टन लिहिलेलं होतं. मी हो म्हटलं. मग म्हणाल्या आज फारच गारठा आहे नाही? मग कुत्र्याचं वय सांगितलं, त्याच्या सांधेदुखीचं सांगितलं, गोळी चीजमध्ये लपवून द्यावी लागते ते सांगितलं. ती गाडी गेली. त्या बसूनच. मी म्हटलं तुमची गाडी गेली, तर म्हणे पुढची आहे की.

नंतर कधीतरी पोस्टर बघितलं, 'स्मॉल टॉक सेव्हज लाइव्हज'. आत्महत्या रोखण्यासाठी काम करणारी समॅरिटन्स नावाची संस्था आणि रेल्वेवाले यांनी मिळून २०१७ मध्ये ही मोहीम सुरू केली. प्लॅटफॉर्मवर कोणी एकटं, हरवलेलं दिसलं तर जाऊन काहीतरी फालतू विचारा, वेळ विचारा, हवेबद्दल बोला, एवढंच. माझ्या डोक्यात तसलं काही नव्हतं, पण बघणाऱ्याला काय कळणार. त्या बाईंनी ते पोस्टर वाचलं होतं की त्यांना खरंच गप्पाच मारायच्या होत्या, देव जाणे.

टोचणारी ताई :

रेडिंगकर, आपल्याकडे टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ मध्ये सुरू झालंय, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आमच्या लॅबच्या भिंतीवर लावलाय नंबर. कॅलेंडरच्या शेजारीच.

खानदेशी :

मोठं होणार आहे, सांभाळून घ्या.

वडिलांना घेऊन जळगावहून मुंबईला टाटा कॅन्सर हॉस्पिटलला आलो. परळमध्ये पाय ठेवल्यापासून मला फक्त गर्दी दिसत होती. कुठली रांग, कुठला मजला, फाईल कुठे, पैसे कुठे भरायचे, आणि मध्येच वडील विचारणार "डॉक्टर काय म्हणाले", त्यांना काय सांगायचं ते ठरलेलं नाही. मी औषधांच्या रांगेत उभी होते आणि हातातले कागद खाली पडले, सगळे, आणि मी ते उचलायलाच तयार नाही, नुसती बघत राहिले.

मागच्या बाईंनी उचलले. बिहारच्या होत्या, सिवानच्या, नवऱ्याचं चालू होतं. हिंदीत म्हणाल्या, "दीदी, पहले ये बताओ, खाना खाया?" नाही म्हटलं. त्यांनी माझी जागा धरली आणि मला बाहेर पाठवलं, वडापाव खाऊन या मग बोलू. परत आले तर त्यांनी कागद तारखेप्रमाणे लावून ठेवले होते. मग त्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

एक वही करायची. डाव्या पानावर डॉक्टरला काय विचारायचंय, उजव्या पानावर ते काय म्हणाले. डॉक्टर बोलत असताना समजून घ्यायचा प्रयत्न करायचा नाही, फक्त लिहायचं, समजून नंतर घ्यायचं. गावाकडच्या सगळ्यांना फोन करायचे नाहीत, एक भाऊ ठरवायचा आणि बाकीच्यांना तो सांगेल. रात्री दोघांनी जागायचं नाही, पाळी लावायची. आणि रडायचं असेल तर पेशंट एक्स-रेला आत गेला की, कारण तेव्हा दहा मिनिटं नक्की मिळतात. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या की मला हसूच आलं, त्यापण हसल्या.

राहायचं काय म्हणून विचारलं तर दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा त्यांनीच सांगितली. मी महाराष्ट्रातली, शाळेत गाडगेबाबांवर निबंध लिहिलेली, आणि दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाच्या पेशंटचे नातेवाईक तिथे राहतात, हे मला सिवानच्या बाईने सांगावं.

फटकळ म्हणतो सल्ला नको, काम द्या. हे तर सगळे सल्लेच होते की. पण त्या स्वतः त्याच रांगेत उभ्या होत्या ना. बागेतल्या काकांचं आणि त्यांचं तेवढंच अंतर.

त्यांचा नंबर घेतला होता, एकदा फोन केला, कोणी उचलला नाही. परत केला नाही मी.

खिडकीपाशी :

खानदेशी, वडील कसे आहेत आता? आणि माझ्या मावसबहिणीला पुढच्या आठवड्यात तिकडेच जायचंय, अजून काही सांगण्यासारखं असेल तर सांग ना.

खानदेशी :

बरे आहेत, सहा महिन्यांनी दाखवायला जातो. बहिणीला सांगा सगळ्या रिपोर्टांचे झेरॉक्स गावाकडूनच करून न्या, दोन-तीन सेट. चप्पल सहज काढता-घालता येईल अशी. चार्जरची वायर लांब. आणि पेन दोन न्यायचे, एक रांगेत कोणीतरी मागतंच आणि ते परत येत नाही.