मदत हवी आहे: टॅगॅनॉक फॉल्स, आईचा गुडघा आणि आरव्ही

नमस्कार मंडळी. आई-बाबा ठाण्याहून आलेत. ऑगस्टच्या शेवटी न्यू जर्सीहून भाड्याच्या २५ फुटी आरव्हीने (राहण्या-झोपण्याची सोय असलेली मोठी गाडी) न्यूयॉर्क राज्यातल्या कायुगा लेकच्या काठी, टॅगॅनॉक फॉल्स स्टेट पार्कला जायचं ठरतंय. धबधबा २१५ फूट, म्हणजे नायगारापेक्षाही उंच. हे ऐकल्यापासून बाबांना धीर धरवत नाहीये!

अडचण आईच्या गुडघ्याची. गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय. तलावपाळीला रोज एक फेरी मारते, पण पायरी आली की कठडा धरून आधी उजवा पाय, मग डावा. म्हणून त्याच भागातलं वॉटकिन्स ग्लेन हे दुसरं दरी-धबधब्यांचं पार्क आधीच रद्द केलं, तिथे आठशेच्या वर पायऱ्या आहेत. टॅगॅनॉकची दरीतली वाट मात्र एका बाजूने पाऊण मैल आणि बरीचशी सपाट आहे म्हणतात. कोणी गुडघेदुखीवाल्या ज्येष्ठांना नेलंय का? खडी पायाला टोचते का, मध्ये टेकायला बाकं आहेत का? वरच्या रस्त्यालगतच्या कठड्यावरूनही धबधबा दिसतो, पण तिला खाली, तुषार अंगावर येतील इतकं जवळ न्यावं असं मला फार वाटतं.

दुसरं, उन्हाळा सरता सरता पाणी खूप रोडावतं का? तसं असेल तर सरळ पुढच्या मे महिन्यात जाऊ, तेव्हाही आई-बाबा इथेच असतील.

आणि आरव्ही कॅम्पग्राउंडवरच ठेवून वाटेच्या तोंडापर्यंत चालत जाता येतं का? मध्ये चढ असेल तर म्हातारी माणसं दमतील का, एवढं नक्की सांगा.